खंदक तुझा, भाषण माझं

करुणा,

काल विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी तीन मिनिटं बोलले. शांत, कष्टाळू, कामाला चोख, कुणाचं कधी वाईट न चिंतणारी, असं सगळं. लोकांनी माना हलवल्या. तुझ्या सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण ते मीच सांगायला हवं असंही काही नव्हतं. तुझ्या शेजारणीनेही तेच सांगितलं आणि माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

मी सांगायला हवं होतं ते वेगळंच. अकरा वर्षं मी तुझ्यावर जळत होते. कधीमधी नाही, रोज. सकाळी बसमध्ये तू माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचीस, मी 'थँक्यू गं' म्हणून बसायचे, तुझ्या डब्यातली सुकी भाजी खायचे आणि जळायचे. तू असतीस तर यावर एवढंच म्हणाली असतीस, "माहितीये." तुझं हे 'माहितीये' मला कधीच सहन झालं नाही.

कार्यक्रम संपल्यावर चपला शोधत होते तेव्हा तुझी सुजाता आली. "मावशी, आईच्या फोनमध्ये हे सापडलं. तुमच्या ऑफिसचं काहीतरी आहे. मला नीट कळलं नाही, तुम्हाला पाठवते." तिने रेकॉर्डिंग पाठवलं. आणि आज सकाळी वेल्सहून बेथनबाईंचं पत्र आलं. त्यांना तुझी बातमी कळली आहे. त्यांच्या गावच्या इतिहास मंडळाच्या पुढच्या बैठकीत तुझी आठवण काढायची आहे, तर मी ऑनलाइन येऊन चार शब्द बोलेन का, असं त्या विचारतायत. मी पुन्हा बोलायचं, की तुझं रेकॉर्डिंग पाठवायचं, एवढं मला ठरवायचंय. पाठवलं तर मी खोटी पडते. का, ते तुला माहीत होतं. पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

आपलं ठाण्यातलं ऑफिस आठव. विलायतेतले जुने, हाताने काढलेले नकाशे स्क्रीनवर उघडायचे आणि त्यातली प्रत्येक रेघ माउसने गिरवायची. कुंपण, ओढा, विहीर, गोठा, जे दिसेल ते. मी गिरवायचे आणि तू तपासायचीस. तपासणाऱ्या बाकीच्या मुली चूक सापडली की लाल खूण करून मोकळ्या व्हायच्या. तू मात्र खुणेशेजारी प्रश्न लिहायचीस. 'हे कुंपण ओढ्यातून कसं जाईल?' 'विहिरीला दार कशाला?' दुरुस्ती तू सांगायची नाहीस, मला शोधायला लावायचीस. मी कॉन्व्हेंटमधली, तू कल्याण पूर्वेच्या म्युनिसिपालटीच्या शाळेतली, आणि तू मला प्रश्न विचारणार. पहिल्याच आठवड्यात माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

वेल्सच्या शीट्स आल्या तेव्हा आपण सगळेच वैतागलो होतो. गावांची नावं वाचता येईनात, एकेका नावात पाच-सहा व्यंजनं एका रांगेत. अशाच एका शीटवर मी ते घर पाहिलं. डोंगराच्या पायथ्याशी एक शेतघर आणि त्याच्या तीन बाजूंना पाण्याची निळी पट्टी. चौथी बाजू कोरडी. जेवणाच्या सुट्टीआधी शीट संपवायची होती. मी त्याला 'तळं' असं नाव दिलं आणि पुढे गेले.

दुपारी ती शीट लाल खूण घेऊन परत आली. शेजारी तुझा प्रश्न होता, 'तळ्याला काटकोन कसे?'

मी तुझ्या टेबलापाशी आले. "अगं, गुरांसाठी खणलं असेल. खणलेल्या तळ्याला कोपरे असतात."

"गुरांचं तळं घराला वळसा घालेल का?" तू स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालीस. "आणि चौथी बाजू बघ ना. तिथे शेताचं कुंपण वाकडं गेलंय. काहीतरी होतं तिथे, म्हणून त्याला वाकावं लागलं. चौथी बाजू बुजवलीये, शुभा."

मी त्या वाकड्या कुंपणाची रेघ स्वतःच्या हाताने गिरवली होती. ते वाकडं का, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. पुढे मी ऑफिसभर सांगत सुटले की ते घर पहिल्यांदा मी पाहिलं, आणि तू एकदाही मला अडवलं नाहीस. फक्त एकदा, डबे धुताना म्हणालीस, "पाहिलंस तू. ओळखलं मी." ते तू भांडायला म्हणाली नव्हतीस. म्हणूनच ते जास्त लागलं.

मग तू मागे लागलीस. घरी, मोबाइलवर, डिक्शनरी शेजारी घेऊन. आठ दिवसांनी बसमध्ये मला सांगितलंस की सातशे वर्षांपूर्वी तिथल्या जमीनदारांची अशी घरं असायची. फार मोठे सरदार नव्हेत, गावपातळीवरचे मानकरी. घराभोवती चौकोनी खंदक खणायचे, त्यात पाणी सोडायचे, वर एक छोटा पूल. नंतर वंश संपले, घरं पडली, खंदक बुजले आणि लोक विसरले. तुझा तो काटकोनाचा प्रश्न साहेबांनी नकाशे देणाऱ्या कंपनीला कळवला, त्यांनी तिथल्या इतिहास मंडळाला कळवला, आणि मंडळाच्या चिटणीस, निवृत्त शाळामास्तरीण बेथनबाई, रबरी बूट घालून त्या शेतात गेल्या. त्यांनी फोटो पाठवला. ओलसर, खोलगट जमीन, तीत वाढलेली खाजकुयलीसारखी झुडपं आणि मधोमध उभ्या दोन मेंढ्या. चौथी बाजू तू म्हणालीस तिथेच होती. हा खंदक आजवर कुणाच्याच यादीत नव्हता.

ऑफिसात सगळ्यांना सामोसे आले. साहेबांनी भाषण केलं. तू निळ्या ड्रेसमध्ये, हातात कागदी बशी धरून, खाली बघत उभी होतीस. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. पोटात दुखत असलं की माणूस टाळ्या जोरातच वाजवतो.

त्यानंतरची आपली बसमधली भांडणं. बस तुला पत्रीपुलाला घ्यायची, मला मानपाड्याला, आणि शीळफाट्याला आली की अडकायची. तिथे भांडायला भरपूर वेळ मिळायचा. मी म्हणायचे, खंदक संरक्षणासाठीच असणार. त्या काळात लढाया होत्या, लुटारू होते, कोण उगाच एवढी माती उपसेल?

"आणि चार फूट पाण्याने लुटारू थांबतात?" तू विचारायचीस. "अगं, शेजाऱ्याकडे आहे म्हणून यांनी खणला. त्याच्याकडे बघून पुढच्याने. मोठ्या सरदाराच्या किल्ल्याला पाणी, मग आमच्या घराला का नको? पदरी भाट ठेवलेले असायचे, ते घराची आणि पाण्याची स्तुती गायचे. संरक्षणाची गाणी कोण गातं?"

"तू काय तिथे गेलेलीस बघायला?"

"जायला कशाला पाहिजे? तुझ्या कॉम्प्लेक्सच्या गेटसमोर कारंज्यांचा चर नाहीये का? वर दोन पावलांचा पूल. पलीकडच्या बिल्डरने केला, म्हणून तुमच्याने केला. बुकिंगच्या दिवशी तूच मला फोटो पाठवलेलास."

बसमधले दोघं-तिघं हसले. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू नेहमीसारखी खिडकीची जागा धरून ठेवली होतीस, आणि मी बसले. हे भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. दवाखान्यात भेटायला आले तेव्हासुद्धा मी म्हटलं, "बरी हो, मग खंदकाचं ठरवू." तू म्हणालीस, "ठरलंय गं कधीच." आणि डोळे मिटून घेतलेस.

आता जे बोलायला मला इतकी वाट काढत यावं लागलं, ते.

मी टीम लीडर झाले ते माझ्या इंग्रजीमुळे. तुझं काम माझ्याहून सरस आहे हे साहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं, चहावाल्यालासुद्धा माहीत असेल. पण कॉन्फरन्स कॉलवर फाडफाड कोण बोलणार? म्हणून मी. ऑफिसचा नियम होता की बाहेरचं कुठलंही पत्र टीम लीडरमार्फत यावं. बेथनबाईंचं आमंत्रण असंच माझ्याकडे आलं. त्यांच्या मंडळाला ऑनलाइन व्याख्यान हवं होतं, अर्धा तास, खंदक कसा सापडला यावर. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की करुणा यांनी बोलावं. करुणा. नाव तुझं होतं.

मी ते पत्र दोन दिवस कुणाला दाखवलं नाही. मग उत्तर लिहिलं. लिहिलं की करुणा अतिशय लाजाळू आहे, तिचं इंग्रजी संभाषणापुरतंही नाही, तिला अवघडल्यासारखं होईल, तेव्हा टीमच्या वतीने मी बोलेन. प्रत्येक वाक्य तुझ्या काळजीचं होतं. आणि तुला येऊन म्हटलं, "अगं करुणा, त्यांनी मला बोलायला सांगितलंय. तू शेजारी बसशील ना? मी अडले तर?"

तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "बरं झालं. तू छान बोलतेस." मला केवढं हलकं वाटलं. मी स्वतःला सांगितलं, बघ, हिला नकोच होतं.

व्याख्यानाच्या दिवशी तू कॅमेऱ्यात दिसणार नाहीस अशी खुर्ची मीच सरकवून दिली. तू कागदावर मुद्दे लिहून माझ्यापुढे धरत होतीस. स्क्रीनवर पिकल्या केसांची बारा-चौदा माणसं आणि मधे बेथनबाई. मी छान बोलले. आणि काय बोलले माहितीये? शेजाऱ्याने खणला म्हणून याने खणला, हा शोभेचा खंदक आहे, हे भाटांनी गावं म्हणून सोडलेलं पाणी आहे. तुझा मुद्दा. शीळफाट्यावर इतकी वर्षं ज्याच्याविरुद्ध मी भांडले, तो मी माझा म्हणून सांगितला, कारण टाळ्या त्यालाच मिळणार होत्या हे मला कळत होतं. तू शेजारी बसून ऐकलंस. आणि पुढच्या मुद्द्याचा कागद माझ्यापुढे धरलास.

त्या गावाचं नाव दोन एलने सुरू होतं. मी सरळ 'ल' म्हटलं. एक म्हातारे गृहस्थ हसले, सौजन्याने. नंतर तू पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवत हळूच म्हणालीस, "तो ल नसतो. जीभ दातांमागे लावायची आणि बाजूने फुंकायचं." मी म्हटलं, "आता काय उपयोग? आधी नाही का सांगायचं?" तू मुद्द्यांचे कागद गोळा करायला लागलीस. सांगायची संधी मी तुला कधी दिली होती, हे मी स्वतःला विचारलं नाही.

आणि काल सुजाताचं रेकॉर्डिंग. एक नाही, सहा आहेत. एकाच भाषणाचे सहा सराव. तारखा पाहिल्या. पहिला सराव बेथनबाईंचं पत्र मला आलं त्याच्या आदल्या रविवारचा आहे. म्हणजे त्यांनी आधी तुला विचारलं होतं. आणि तू नियम पाळलास. ऑफिसच्या पत्त्यावर, टीम लीडरच्या नावे रीतसर पत्र पाठवा, असं तूच त्यांना कळवलं असणार. मी ते तुझ्यापर्यंत आणीन, याची तू वाट बघत होतीस. मी तुझ्यासमोर उभी राहून 'त्यांनी मला सांगितलंय' म्हणाले, तेव्हा तुला सगळं माहीत होतं.

का बोलली नाहीस? कालपासून हाच एक प्रश्न आहे. माझं मन दर तासाला नवं उत्तर देतं आणि प्रत्येकात तू मोठी ठरतेस. मैत्रीसाठी गप्प बसलीस, मोठ्या मनाने गप्प बसलीस. मग आज सकाळी चहा गाळताना दुसरं उत्तर सुचलं आणि गाळणं हातात तसंच राहिलं. तुझा वर्षाचा रिपोर्ट मी लिहायचे. तुला कायम करायचं की नाही, हे माझ्या सहीवर होतं. सुजाता तेव्हा बारावीला होती. तू गप्प बसलीस ते कदाचित प्रेमाने नसेल, नोकरीसाठी असेल. मी तुझी मैत्रीण होते की साहेब, हे मला अकरा वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही. तुला रोज सकाळी पत्रीपुलावर बसमध्ये चढताना ते ठरवावं लागत असेल.

सहावं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत. दुसऱ्या शिट्टीला तू थांबतेस, सॉरी म्हणतेस, कुकरला की ऐकणाऱ्यांना ते कळत नाही, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतेस. तुझं इंग्रजी माझ्यासारखं नाही. छोटी वाक्यं, जागेवर ठेवलेली, एकही शब्द दाखवण्यासाठी नाही. वाकड्या कुंपणाचं सांगतेस तेव्हा ऐकणाऱ्याला ते कुंपण दिसतं. गावाच्या नावाला जीभ दातांमागे लावून बाजूने फुंकतेस, आणि ते तिथल्या माणसासारखं येतं. मधे एके ठिकाणी म्हणतेस की माझी मैत्रीण याच्याशी सहमत नाही, तिच्या मते खंदक संरक्षणासाठी होते, आणि तिचंही बरोबर असू शकेल, कारण माणसं घाबरतातही आणि मिरवतातही. तुझा मुद्दा चोरताना मी तुझं नाव घेतलं नव्हतं. तू मला उत्तर देतानाही माझी बाजू मांडलीस.

आणि मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? लाज नाही. लाज नंतर आली, पुरेशी आली. पहिल्यांदा वाटलं, ही माझ्यापेक्षा चांगली बोलते. एकुलती एक गोष्ट माझ्याकडे होती, तीही हिच्याकडे जास्त आहे. तू जाऊन पंधरा दिवस झालेत, करुणा, आणि मी तुझ्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत तुझ्यावर जळत होते. जळता जळता रडले, पण आधी जळले. खरं सांगायचं म्हटल्यावर क्रमही खराच सांगायला हवा.

तुझ्यामुळे मला किती मिळालं तेही आहेच. तुझ्या प्रश्नांनी मला बघायला शिकवलं. आज मी नवीन मुलींच्या शीट्स तपासते तेव्हा लाल खुणेशेजारी प्रश्न लिहिते. त्यांना वाटतं ही मॅडमची पद्धत आहे. कालपर्यंत मी त्यांना तसं वाटू देत होते.

दुपारी बेथनबाईंना पत्र लिहिलं. चार वेळा खोडलं. पहिल्या खेपेला 'गैरसमजातून' असा शब्द आला होता, तो काढला. दुसऱ्या खेपेला 'तिच्या संकोची स्वभावामुळे' पुन्हा घुसलं, तेही काढलं. शेवटी एवढंच उरलं: मी येणार नाही. सोबत करुणाचं व्याख्यान पाठवते आहे, तुम्ही मागितलं होतंत ते. ती तयार होती. तुमचं पत्र मी तिला दाखवलं नाही, कारण मला स्वतःला बोलायचं होतं. त्या दिवशी मी जे विचार माझे म्हणून मांडले ते तिचे होते. सहावं रेकॉर्डिंग जोडलं. कुकरसकट. आणि पाठवलं. सुजाताला फोन करून तिलाही हेच, याच शब्दांत सांगितलं. ती "बरं मावशी" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये काय होतं, ते विचारण्याचा हक्क मला नाही.

तुझी माफी मात्र मी मागत नाहीये. मागितली असती तर तू लगेच "जाऊ दे गं" म्हणाली असतीस, डबा पुढे सरकवला असतास, आणि त्यातही पुन्हा तूच वरचढ ठरली असतीस. म्हणून तू असताना मी ती मागितलीच नसती. आता तू ते करूच शकत नाहीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा आहे, आणि मला तो नकोय.

शुभा